रोसांदाचे रविवार

आलुबुखाराच्या झाडावरून पडलेल्या बाईची या जगात कोणाला दया येत नाही. मी शिडीवरून पडले, डावा घोटा मोडला, त्यात खिळे घातले, आणि भेटायला आलेला प्रत्येक जण आधी पोटभर हसून घेई, मग कसं वाटतंय ते विचारी. "कोविल्काबाई, या वयात झाडावर?" अहो, झाड माझं, आलुबुखार माझे, त्याची राकिया, आमची घरची दारू, काढायची ती माझ्याच भट्टीवर. मग चढायला काय मंत्र्याला बोलावू? पण माणसांना हसायला निमित्त लागतं, आणि मी ते दिलं.

तर त्या घोट्यापायी मला गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे जमिनीतून नासक्या अंड्याच्या वासाचं पाणी येतं आणि अर्ध्या सर्बियाची मोडकी हाडं त्यात बुडवून ठेवतात. खोलीत दोन खाटा होत्या. दाराजवळची मला मिळाली. खिडकीजवळच्या खाटेवर विदोसावा होती. सगळे तिला विदा म्हणत.

विदा बसच्या अपघातातली होती. अशी माणसं तिथे बरीच होती, आणि मला ती लांबून ओळखू यायला लागली. स्वतःची गाडी झाडावर घातलेला माणूस दिवसभर बोलतो. रस्ता कसा होता, समोरचा कसा गाढव होता, आपण ब्रेक कसा दाबला. बसमधल्या माणसाकडे सांगायला काहीच नसतं. तो खिडकीतून शेतं बघत होता, नाहीतर तोंडात गोळी चघळत होता, नाहीतर त्याचा डोळा लागला होता, आणि नंतर तो जमिनीवर होता. मधलं त्याला कोणी सांगत नाही. एका शिक्षकाचे पुढचे चार दात समोरच्या बाकाच्या दांडीत राहिले होते, तरी तो मला म्हणाला, "मी फक्त घड्याळ बघत होतो हो." जणू घड्याळ बघितलं म्हणून दात गेले.

विदाचं कमरेचं हाड तडकलं होतं आणि मांडीचं हाड वरच्या टोकाला मोडलं होतं. त्यात सळई घातली, सळईला पू झाला, ती काढून दुसरी घातली. जूनमध्ये मोडलेली बाई मी आले तेव्हा सप्टेंबरातही चाकाच्या खुर्चीतच होती. बारीक, पांढरे केस नीट मागे बांधलेले, आवाज असा हळू की तिला मीठ मागायचं असलं तरी माफी मागितल्यासारखं वाटे. चाचाक शहरातल्या कागद कारखान्यात तिने जन्म काढला. नवरा वारलेला. चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. मुलगा रास्तको कॅनडात, तिथे तो घरांना छपरं घालतो. तो दर रविवारी संध्याकाळी फोन करी. एवढी माहिती मी पहिल्याच दुपारी काढून घेतली. ती आपणहून सांगणाऱ्यातली नव्हती.

माझ्याकडे रविवारी कोण यायचं ते विचारू नका. दोन सुना, त्यांची पोरं, नवरा, नवऱ्याचा भाऊ, लग्नात साक्षीला उभा राहिलेला धर्मबाप आणि त्याची बायको. खाटेभोवती जत्रा भरे. सगळे माझ्यासाठी आणलेलं स्वतः खात आणि राकियाला कोणाची फळं वापरावीत यावर भांडत. ते गेले की मला बरं वाटे. एवढी माणसं असली की माणूस असा माजतो.

विदाकडे रविवारी एकच बाई यायची, रोसांदा.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं बहीण असेल. ठेंगणी, रुंद, डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत पिशव्या. आली ती विदाचा हात धरून बसली आणि रडायला लागली. रडून झाल्यावर डोळे पुसले, पिशवीतून पातळ पापुद्र्यांची, चीज घातलेली पिटा काढली, भाजलेल्या लाल मिरच्यांची बरणी काढली, कोंबडीचा रस्सा काढला, आणि म्हणाली, "खा, बहिणी. तू खाल्लंस की मला रात्री झोप लागते."

मी विचारलं, "तुम्ही सख्ख्या का चुलत?"

"सख्खीने एवढं केलं नसतं, जेवढं हिने माझ्यासाठी केलं," रोसांदा म्हणाली. "माझ्या वाटणीचं हिने भोगलं, बाई. मी हिला तिथे बसवलं." आणि मग तिने मला सगळं सांगितलं. नंतरच्या प्रत्येक रविवारी ती ते पुन्हा सांगे, म्हणून मला तोंडपाठ झालं.

जूनमधला तो शनिवार पितरांचा होता. त्या दिवशी आमच्याकडे मेणबत्त्या, शिजवलेला गहू, भाजलेली कोंबडी आणि बाटली घेऊन सगळे दफनभूमीत जातात, आपापल्या थडग्यापाशी बसतात, खातात, मेलेल्यांच्या वाटणीचं ओतून येतात. बस अशाच बायकांनी गच्च भरली होती. उकाडा मरणाचा. बसमधलं गारव्याचं यंत्र बिघडलेलं, म्हणून ड्रायव्हरने छताची झडप उघडली आणि स्वतःची खिडकीही. झालं, दोन उघड्यांमधून वारा वाहायला लागला. प्रोमाया.

आता हे तुम्हाला पटो न पटो, पण आमच्या देशात माणसं लढाईत मेली, दारूने मेली, सिगारेटने मेली, आणि घाबरली फक्त प्रोमायाला. आरपार वारा अंगावरून गेला की मान धरते, मूत्रपिंडं गारठतात, तोंड वाकडं होतं, बाईला मूल होत नाही. डॉक्टर लोक दिवसा याला हसतात आणि घरी जाऊन आधी खिडकी लावतात. मी स्वतः माझ्या सुनांना या वाऱ्यावरून बोलले नाही असा दिवस नाही.

रोसांदा दुसऱ्या रांगेत बसली होती आणि झोत नेमका तिच्या मानेवर येत होता. ती म्हणाली, झडप लावा. एक माणूस म्हणाला, लावली तर आम्ही शिजून मरू. रोसांदा म्हणाली, उकाड्याने मेलेला माणूस दाखवा मला, माझ्या मावशीचं तोंड मात्र प्रोमायाने वाकडं झालं ते मरेपर्यंत तसंच राहिलं. बसमध्ये दोन पक्ष पडले. कोणाच्या आत्याचं काय झालं, कोणाच्या दिराचं काय झालं, सगळ्यांचे आजार निघाले. ड्रायव्हर म्हणाला, "तुमचा ठराव झाला की मला कळवा." तेवढ्यात अगदी शेवटच्या रांगेतून विदा उठली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या जागी बसा. मागे वारा येत नाही." रोसांदा मागे गेली. विदा पुढे, तिच्या जागी येऊन बसली.

थोड्या वेळाने एका वळणावर लाकडं भरलेला ट्रक बंद पडून उभा होता. बस त्याच्या पाठीत घुसली. मागच्या रांगेत रोसांदाला कपाळावर टेंगूळ आलं. विदाला पुढच्या पायऱ्यांवरून काढलं, लोखंडी दांडीखालून.

"मी झोताचं नाटक केलं नसतं तर ही मागे राहिली असती," रोसांदा म्हणे. "टेंगूळ हिला आलं असतं आणि ही सळई माझ्या मांडीत असती. मी शपथ घेतलीय. ही आपल्या पायांनी चालेपर्यंत मी येणार."

आणि ती यायची, तेही दोन बसगाड्या बदलून. अपघातानंतर बसमध्ये पाय ठेवला की तिच्या हातांना घाम सुटे. ती सर्वांत मागे बसे, डोळे मिटून, पिशवी पोटाशी धरून, आणि उतरेपर्यंत देवाचं नाव घेत राही. आल्यावर पहिली काही मिनिटं तिचे हात कापत. विदा ते हात बघायची आणि खिडकीकडे तोंड फिरवायची.

मला ते बघवेना. मी काही मनात ठेवणारी बाई नाही. एका दुपारी पाण्यातून आणल्यावर आम्ही दोघी ओल्या केसांनी पडलो होतो, तेव्हा मी म्हटलं, "विदा, तू त्या बिचारीला एकदा सांगून टाक ना, की तुझ्या मनात राग नाही म्हणून. किती जाळून घेतेय ती स्वतःला."

विदाने ओले केस उशीवर पसरले. मग म्हणाली, "राग कसला? मी तिच्या जागेवर नव्हतेच."

"म्हणजे?"

"बस आपटली तेव्हा मी त्या जागेवर नव्हते, कोविल्का. मला दफनभूमीशीच उतरायचं होतं. तिथे थांबा नाही, ड्रायव्हरला सांगावं लागतं. म्हणून मी उठून पुढे गेले आणि पायऱ्यांवर उभी राहिले. तो म्हणाला, काकू, बसा, वळण संपलं की सांगतो. मी म्हटलं, राहू दे, उभी राहते. दर वर्षी तशीच उभी राहते मी. मागे बसले असते तरी उठून तिथेच आले असते. त्या दुसऱ्या रांगेतल्या बायकांना काही झालं नाही. एकीचं नाक फुटलं, तेवढंच."

खरंच आहे. थांबा यायच्या अर्धा मैल आधी उठून दारात गर्दी करणं ही आमच्या लोकांची जुनी खोड. "मग हे तिला माहीत नाही?"

"तिने डोक्यावरून रुमाल ओढला होता, डोळे मिटले होते. मध्ये माणसं उभी. तिला कुठून दिसणार?"

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

विदाने छताकडे बघत सांगितलं. तिच्या आवाजात रडं नव्हतं, हिशेबासारखं सांगत होती. "पहिल्यांदा ती आली तेव्हा मी गुंगीत होते. दुसऱ्यांदा आली तेव्हा सांगणार होते. पण तिने रश्शाचा डबा उघडला, आणि त्या आख्ख्या आठवड्यात माझ्याशी नर्स सोडून कोणी बोललं नव्हतं. म्हटलं, जाताना सांगू. जाताना ती म्हणाली, पुढच्या रविवारी येते. माझ्या तोंडाला कुलूपच लागलं. पुढच्या रविवारी येते असं मला नवरा गेल्यापासून कोणी म्हटलं नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवशी बसमध्ये मी जागा का दिली माहीत आहे? सगळ्यांना झोताची भीती होती, सगळ्यांना कोणीतरी घरी ओरडलेलं होतं, खिडकी लाव म्हणून. मला ओरडायला कोणी नाही. मी उघड्या खिडकीत झोपते."

माझ्या घरी तीन माणसं ओरडतात. मी म्हटलं, "मग गप्प बस आणि पिटा खा. तिला पुण्य मिळतंय, तुला पोटभर मिळतंय. कोणाचं काय बिघडतं?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मला खरंच तसं वाटलं होतं.

बिघडलं ते ऑक्टोबरात. रोसांदा आली ती रडली नाही. तिने फोन काढून आधी विदाला आणि मग मला एका तान्ह्या मुलीचा फोटो दाखवला. तिच्या मुलीला, स्लोव्हेनियात मारिबोरला असते तिला, नऊ वर्षांनी मूल झालं होतं. पोट फाडून काढलं, बाळ अशक्त, आई अंथरुणात, जावई पाळ्यांवर. मुलगी रोज फोन करून रडत होती. आई, ये. तिकडच्या सासूला लकवा झालेला, दुसरं कोणी नाही. आमच्याकडे पहिले चाळीस दिवस बाळंतिणीला एकटीला सोडत नाहीत, आणि ही तर परक्या देशात सकाळपासून रात्रीपर्यंत एकटी.

"मग कधी निघतेस?" मी विचारलं.

"कुठली निघतेय. मी तिला सांगितलं, वसंतात बघू. ही चालायला लागल्याशिवाय मी कशी जाऊ? शपथ मोडली तर त्याचं फळ त्या एवढ्याशा जिवावर येईल. आधीच अशक्त आहे." आणि तिने पिटा कापायला घेतली.

मी विदाकडे पाहिलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. पुढचा सगळा आठवडा ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. व्यायामाच्या खोलीत दोन दांड्यांमध्ये उभी करायचे तेव्हा ती पहिल्यांदाच स्वतःहून पाऊल टाकायचा हट्ट धरायला लागली. चालले की ती सुटेल, असं तिच्या मनात होतं. पण हाड काही मनाचं ऐकत नाही. तिसऱ्या पावलाला ती खाली बसली, आणि डॉक्टर म्हणाले, हे असं केलंत तर वसंत काय, पुढचा हिवाळा येईल.

शनिवारी रात्री दिवा घालवायच्या आधी ती मला म्हणाली, "उद्या सांगते तिला."

"तुला पुढच्या रविवारची भीती नाही वाटत?"

"वाटते," विदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नशिबाने माझ्याकडची जत्रा उशिरा येणार होती. रोसांदा आली, बसली, तिचे हात कापायचे थांबले, आणि तिने डब्याला हात घालायच्या आधीच विदाने सगळं सांगून टाकलं. ड्रायव्हर, दफनभूमी, पायऱ्या, दांडी. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाली, "तुझा काही दोष नाही, रोसांदा. कधीच नव्हता. मीच लपवलं."

रोसांदाने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "खरं असेल तर इतके महिने का लपवलंस?"

"तू यायची थांबशील म्हणून."

मला वाटलं आता बाई भडकणार. मी तरी भडकले असते. दोन दोन बसगाड्या, कापणारे हात, एवढा रस्सा. पण रोसांदाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, मग डोळ्यांत पाणी, आणि तिने विदाचं डोकं छातीशी धरलं.

"अगं माझे बाई," ती म्हणाली, "तुला खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही. मला मारिबोरला धाडायला हे रचलंस, होय? म्हणे मी यायची थांबेन म्हणून. माझ्यासारख्या खेडवळ बाईच्या चार गप्पांसाठी कोणी असलं काही करतं का? तुझ्यासारखी शहाणी बाई. मुलगा आहे, शेजारीपाजारी असतील, कारखान्यातल्या मैत्रिणी असतील. तुला काय माणसांचा तोटा?"

"खरं सांगते आहे मी. हिला विचार. कोविल्का, सांग."

"खरं आहे," मी म्हटलं.

"तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत," रोसांदा म्हणाली. "देव तुमचं भलं करो. पण मी कच्च्या गुरूची चेली नाही." सहा भावंडांत वाढलेली, चार पोरं काढलेली, दारातून दिवसभर गाव जातंय येतंय अशी ती बाई. तिला ते कळणंच शक्य नव्हतं, आणि तिला दोष तरी कसा द्यायचा? मलाही नीट कळलं नव्हतं. खरं ऐकून ती आणखीच बांधली गेली. असल्या देवमाणसाला मी टाकून जाऊ होय, म्हणाली, आणि तिने फोन उचलला. "आत्ताच मुलीला सांगून टाकते. ती रोज आशेवर बसते. वसंताशिवाय नाही म्हणून सांगते, म्हणजे ती दुसरी काही सोय तरी बघेल."

फोन लागला. लांबून एक बारीक आवाज आला, आई, आणि त्यामागे तान्हं मूल रडत होतं, थांबत नव्हतं.

"ठेव तो फोन," विदा म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "रास्तको येतोय."

रोसांदाने फोन कानापासून लांब धरला. "काय?"

"माझा मुलगा येतोय. पुढच्या आठवड्यात. रजा काढलीय. मला घेऊन जायला येतोय, तिकडे चांगला दवाखाना बघितलाय त्याने. मी तुला आधी सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून."

मला वाटलं, हेही पटणार नाही. पण रोसांदाचं तोंड असं उजळलं की बघत राहावं. "मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "मी घरी रोज म्हणायचे, असा कसा तो मुलगा, येईल, नक्की येईल. मुलगा तो मुलगा." आणि माझ्याकडे वळली. "आणि तुम्हाला माहीत होतं तरी मला बोलला नाहीत?"

विदा माझ्याकडे बघत होती. मी जन्मात कधी कोणाला पाठीशी घातलं नाही, स्वतःच्या नवऱ्यालाही नाही. मी म्हटलं, "शुक्रवारी फोन आला होता त्याचा. तिकीटही काढलंय म्हणे."

पुढे काही विचारायचं रोसांदाला सुचलंच नाही. कुठल्या दिवशी, कुठल्या विमानाने, काही नाही. मुलगा आईला न्यायला येतोय यात विचारण्यासारखं काय असतं? तिने फोनवर मुलीला ओरडून सांगितलं, मी येतेय, पाणी तापवून ठेव. मग ती उठली आणि खोलीभर फिरायला लागली. डबे लावले, पिशव्या घातल्या, खाली ठेवलेली बरणी उचलली आणि पुन्हा ठेवली. खांद्यावरचं पोतं उतरवलेल्या हमालासारखी ती मोकळी झाली होती, आणि मला तेव्हा कळलं की इतके रविवार ती किती वाकून चालत होती. तिने विदाच्या गालांची आमच्या रीतीप्रमाणे तीनदा पापी घेतली, माझी घेतली, विदाच्या उशीवर क्रूस काढला.

"त्याला सांग," दारातून ती म्हणाली, "तुझी आई सोनं आहे, नीट सांभाळ. आणि तिकडे पोचलीस की मला फोन कर. कर हं."

"करते," विदा म्हणाली.

जिना उतरताना रोसांदा कोणाशी तरी बोलत होती, बहुतेक पुन्हा मुलीशी, आणि हसत होती. थोड्या वेळाने माझी माणसं आली. धर्मबापाने पिटा पाहिली आणि ती कोणाची हे न विचारता खाल्ली. मी कोणावरच ओरडले नाही, तेव्हा सुनेने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

ते गेले, जेवणाची ताटं नेली, आणि सहाच्या सुमारास नेहमीप्रमाणे रास्तकोचा फोन आला. विदा फोन समोर उभा करून बोले, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. त्याच्या मागे कोणीतरी भांडी लावत होतं. हवा कशी आहे, पाय कसा आहे, डॉक्टर काय म्हणतात. विदाने सगळ्याची उत्तरं दिली. तिने केस पुन्हा बांधून घेतले होते.

"आणि ती तुझी रोसांदा आली होती का आज?"

"आली होती."

"काय आणलं?"

"पिटा. मिरच्या. खूप आणलं होतं, संपेना आम्हाला."

"बरं वाटतं मला, आई," रास्तको म्हणाला. वाईट मुलगा नव्हता तो. आवाजावरून दमलेला वाटे, आणि आईशी बोलताना तो लहान झाल्यासारखा बोले. "खरं सांगू? ती आहे म्हणून मी इथे कामावर जाऊ शकतो. ती नसती ना, तर मला सगळं टाकून यावंच लागलं असतं."

मी कोपरावर उठून बसले. मी विदाला हातानेच खुणावलं, बोल, सांग त्याला, आत्ता सांग. तिने माझ्याकडे पाहिलं, खूण तिला कळली. मग तिने फोन थोडा आपल्याकडे वळवला, म्हणजे त्याला मी दिसू नये.

"तुला कशाला यायला लागतंय, बाळा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी येणारच आहे ती."